'एक्स' लिहिलेली घरं

पल्स पोलिओ म्हटलं की अमिताभ बच्चन यांची जाहिरात आठवते. १९९५ साली सुरू झालेली ही मोहीम देशभर पोचली, तरी उत्तर प्रदेश आणि बिहारमधल्या काही वस्त्यांत दारं उघडेनात. पोलिओ लसीचे थेंब घेतले की पुढे मूलबाळ होत नाही, अशी अफवा तिथे होती. शिवाय लोकांचा सवाल रोकडा होता : गटारं तुंबलेली, दवाखान्यात औषध नाही, मग हेच थेंब घरपोच कशाला?

या शंकेपुढे पोस्टर काय करणार! कामी आल्या त्याच वस्तीतल्या, प्रशिक्षण दिलेल्या बायका. लसीकरण पथक डोस पाजून बाळाच्या करंगळीला शाई लावी आणि घराच्या भिंतीवर खडूनं 'पी' लिही. मूल राहून गेलं किंवा घरच्यांनी नकार दिला, तर 'एक्स'. मग या बायकांची सगळी धावपळ 'एक्स' घरांसाठी. आधी नकाराचं कारण विचारायचं, आणि त्याप्रमाणे माणूस न्यायचा. कुठे डॉक्टर, कुठे मशिदीतले इमाम. माझ्या मते मोहिमेचं खरं नियोजन इथे होतं, जाहिरातीत नव्हे. पुढे हात धुणं, जुलाबावर ओआरएस, बाळाला अंगावरचं दूध हेही याच बायका सांगू लागल्या, तशी 'फक्त थेंबच का' या प्रश्नाची धार कमी झाली.

देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.