भिंगाचा दोष, वास्तूची साक्ष



जुन्या देवळाचे छायाचित्र विशालकोनी भिंगाने टिपले की कडेचे सरळ खांब बाहेर फुगलेले दिसतात, कोपरे काळवंडतात. हा दोष वास्तूचा नसून भिंगाचा असतो. त्याच्या निवारणार्थ त्या त्या भिंगाची मोजमापे नोंदविलेली 'प्रोफाइल' संगणकात वापरली जाते. 'लाइटरूम'मध्ये ही सोय २०१० साली आली. विनामूल्य 'डार्कटेबल' ती 'लेन्सफन' या खुल्या संग्रहातून घेते. छायाचित्रासोबतच्या नोंदीवरून संगणक भिंग ओळखतो. परंतु ओळख चुकली तर सरळ खांबही वाकडा होतो. यास्तव भिंगाचे नाव पडताळावे, वापरलेली प्रोफाइल लिहून ठेवावी आणि मूळ छायाचित्र जतन करावे. वास्तू उद्या ढासळलीच, तर तिची साक्ष तेवढीच उरेल.