नरक्या ते औषध

नंदुरबारला जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ डॉ. मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मनरो वॉल यांनी १९६६ साली अमेरिकेत एका चिनी झाडापासून कॅम्पटोथेसिन हे कर्करोगाच्या पेशी मारणारं द्रव्य मिळवलं. हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडातही आहे.

अशा वनस्पतीच्या अर्काची कर्करोगाविरुद्धची पहिली परीक्षा होते कशी? ९६ छोटे खळगे असलेल्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये कर्करोगाच्या पेशी वाढवतात. खळग्याखळग्यात अर्काची कमी-जास्त मात्रा घालतात. दोन-तीन दिवसांनी त्यात पिवळं रंगद्रव्य टाकतात. जिवंत पेशी ते जांभळं करतात, मेलेल्या करू शकत नाहीत. जांभळा रंग जितका फिका, तितक्या जिवंत पेशी कमी. हीच परीक्षा निरोगी पेशींवरही घ्यावी लागते. सरसकट सगळ्यांना मारणारं ते औषध नव्हे, विष!

पण प्लेटमधलं यश पुरेसं नसतं. मूळ कॅम्पटोथेसिन रुग्णांना सोसलं नाही. त्यात बदल करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं तयार झाली. अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली १९९६ साली, म्हणजे तब्बल ३० वर्षांनी.

म्हणून, प्लेटमधल्या यशाची बातमी ऐकून काढ्यांच्या भरवशावर चालू उपचार सोडू नका. आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.