आधी पाकीट शोधा

कलकत्त्यात गार्डन रीचला दक्षिण पूर्व रेल्वेचं मुख्यालय आहे. मूळची ही 1887 सालची बंगाल नागपूर रेल्वे. नागपूर विभाग 2003पर्यंत याच रेल्वेत होता, त्यामुळे कलकत्त्याचा हा भाग आपल्याकडच्या रेल्वेच्या माणसांना चांगला ठाऊक आहे. शेजारी हुगळी, गोदी, गोदामं. अशा वस्तीत उंदीर-घुशी आल्याच आणि फ्रिजमागे, मोरीत ठेवलेलं उंदरांचं औषधही आलंच. घरात कुत्रा असेल तर माझं पुढचं बोलणं नीट ऐका.

फाटलेलं पाकीट दिसलं की घरात एकच धांदल उडते. कुणी दूध आणतं, कुणी मिठाचं पाणी पाजतं, कुणी घशात बोटं घालतं. यातलं काहीही करू नका. दूध हा विषावरचा उतारा नव्हे. मिठाच्या पाण्याने रक्तातलं मीठ वाढून झटके येऊ शकतात. आणि पोटात संडास धुण्याचं अ‍ॅसिड किंवा रॉकेल गेलेलं असेल, तर उलटी करवणं जिवावर बेतू शकतं. अ‍ॅसिड वर येताना घसा पुन्हा भाजतं, रॉकेल फुप्फुसात उतरतं.

उरलेलं विष कुत्र्यापासून दूर करा, पाकीट उचला, किती वाजले ते बघा आणि लगेच डॉक्टरांना फोन लावा. काय खाल्लं, किती खाल्लं, कधी खाल्लं, कुत्र्याचं वजन किती, एवढं सांगा. उलटी करवायची की नाही हे तेच ठरवतील. त्याचा उपयोग साधारण पहिल्या दोन तासांतच होतो, म्हणून ‘बघू सकाळी’ म्हणू नका.

पाकिटाचा एवढा आग्रह का, ते सांगतो. निळसर-हिरवट वडी असेल तर ती बहुधा ब्रोमाडायोलोनची. तिच्यामुळे रक्त गोठेनासं होतं, पण लगेच नाही. दोन-तीन दिवस कुत्रा जेवतो, खेळतो, घरचे निर्धास्त होतात. मग तो मलूल पडतो, धापा टाकतो. ओठ वर करून पाहिलं तर एरवी गुलाबी दिसणाऱ्या हिरड्या पांढुरक्या पडलेल्या असतात. यावर व्हिटॅमिन के-1 हा खात्रीचा उतारा आहे.

काळपट पूड मात्र झिंक फॉस्फाइडची असू शकते. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की तिचा विषारी वायू होतो आणि काही तासांत कुत्रा जाऊ शकतो. तिच्यावर उतारा नाही, जे करायचं ते डॉक्टरांनी, तेही तातडीने. अशा कुत्र्याला पोळीचा तुकडासुद्धा देऊ नका, अन्नाने आम्ल वाढतं. त्याच्या उलटीला लसणासारखा वास येतो. तो वायू माणसालाही बाधतो, म्हणून त्याला दवाखान्यात नेताना गाडीच्या काचा उघड्या ठेवा.

कलकत्त्यात बेलगाछियाला 1893 पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पण गार्डन रीचहून ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यामुळे जवळचा, रात्री फोन उचलणारा डॉक्टर कोण, हे आजच विचारून ठेवा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा.

ब्रोमाडायोलोनची वडी खाल्लेल्या कुत्र्याला व्हिटॅमिन के-1 तीन-चार आठवडे द्यावं लागतं. तो उड्या मारू लागला म्हणून गोळ्या मध्येच थांबवू नका. शेवटच्या गोळीनंतर दोन-तीन दिवसांनी रक्त गोठण्याची तपासणी पुन्हा करून घ्यायची असते.