डोंगरावरचं पाणी

मी बालाघाटच्या माळावरनं बोलतोय. मुखेड-कंधार-जळकोटचा हा डोंगरपट्टा. वर वीतभर माती, खाली काळा खडक. पाऊस पडतो नि वाहून जातो. एप्रिल २०१६ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा डबे, पाच लाख लिटर. पेपरांत फोटो झळकले. आमच्या वाडीला रूळ कुठला, धड सडक नव्हती! टँकर यायचा, पाइप गावच्या विहिरीत पडायचा. आमच्या बाया रांगेत शेवटी. दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला. पोरांची शाळा फडातच सुटायची.

१९२७ला बाबासाहेबांनी महाडात चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. ते पाणी अजून हा डोंगर चढलेलं नाही. शहरातल्या खोलीत क्रांती बोलणाऱ्यांनो, वर या. मागणी साधीय : विहीर एक, रांग एक. जयभीम!