शेरखानचा आवाज

१९९३ साली दूरदर्शनवर दर रविवारी एक वाघ हिंदीतून गुरगुरू लागला आणि घरोघरची मुले धास्तावून पाहत राहिली. ‘जंगल बुक’ची ही चित्रमालिका काढलेली जपानमध्ये, मूळ कथा मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगची, आणि तिच्यातील अरण्य मध्य प्रदेशातील सिवनीचे. एवढा वळसा घेऊन घरी परतलेल्या शेरखानला वाणी दिली ती मुरुड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांनी.

हे काम वाटते तितके सोपे नव्हे. चित्रातील जबडा आधीच हललेला असतो. तो केव्हा उघडावा, केव्हा मिटावा, हे परक्या भाषेच्या मापाने ठरून गेलेले. त्या मापात आपले वाक्य बसवायचे, आणि तेही डोळे, हात, चाल यांवाचून. नटाचे निम्मे भांडवल असे बाहेरच राहते. ‘परिंदा’तील अण्णा ज्यांनी पाहिला होता, त्यांना नानांच्या नजरेची जरब ठाऊक होती, इथे ती सारी आवाजातच उतरवावी लागली. मुलांना अण्णाशी काय कर्तव्य? त्यांच्या लेखी तो वाघच होता.

२०१६ मध्ये याच कथेवरील इंग्रजी चित्रपट हिंदीत आला. इरफान खान, ओम पुरी अशी मातबर मंडळी या वेळी आवाजासाठी होती. शेरखान मात्र पुन्हा नानाच झाले. तेवीस वर्षांपूर्वी धास्तावलेली कित्येक मुले आता आपल्या मुलांना शेजारी घेऊन बसली होती.