मशीनला पटेना की मामू हयात आहेत

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला ‘तंत्रज्ञान आणि समाज’ हा विषय दिला आहे. विषय मोठा आहे, म्हणून मी एका माणसापासून सुरुवात करतो. ते माझे मामू.

मामूंनी तीस वर्षं पावरलूमवर काम केलं. काचबिंदूने आधी एक डोळा गेला, मग दुसरा. आज त्यांना फक्त उजेड आहे की अंधार एवढंच कळतं. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे त्यांच्या खात्यात येतात. त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. यंदा तो मोबाइलपुढे चेहरा धरून द्यायचा होता. सेवा केंद्रावर मोहल्ल्यातलाच पोरगा बसतो. त्याने मोबाइल मामूंसमोर धरला आणि म्हणाला, “चाचा, गोलात बघा. आता डोळे मिचकवा.”

आता ज्याला गोल दिसत नाही त्याने गोलात कसं बघायचं? मामूंनी अंदाजाने मान वळवली, पापण्या मिटल्या, उघडल्या. मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. पाच वेळा झालं, सहा वेळा झालं. मागे रांग वाढली. मामू तिथे बसून खोकत होते, पोराशी बोलत होते, आणि ते जिवंत आहेत हे मशीनला काही पटत नव्हतं.

घरी येऊन ते मला फोनवर एवढंच म्हणाले, “बेटा, मशीन बोली मैं नहीं हूँ.” आणि हसले. पुढचे दोन महिने पैसे आले नाहीत, तेव्हा हसणं थांबलं.

आता पैसे किती ते बघू. महाराष्ट्रात या योजनेत महिना 1000 रुपये मिळायचे. 2023 मध्ये 1500 झाले. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांसाठी 2500 करण्यात आले. ही वाढ आपोआप झालेली नाही. त्याआधी मोर्चे निघाले, निवेदनं गेली. जून 2025 मध्ये गुरुकुंज मोझरीला बच्चू कडू उपोषणाला बसले, त्यांच्या मागण्यांत दिव्यांगांना महिना 6000 रुपये ही एक मागणी होती. केंद्राच्या दिव्यांग निवृत्तीवेतन योजनेचं काय? तिथे 80 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व हवं, घर दारिद्र्यरेषेखाली हवं, आणि मग केंद्राकडून मिळतात महिना 300 रुपये. हा आकडा 2012 पासून हललेला नाही. 2012 मध्ये चहा कितीला मिळायचा ते आठवून बघा.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे. त्याच्या कलम 24 मध्ये लिहिलंय की इतरांसाठी असलेल्या तशाच योजनेपेक्षा दिव्यांगांना किमान 25 टक्के जास्त मदत मिळाली पाहिजे. जुलै 2024 पासून लाडकी बहीण योजनेत 1500 रुपये सुरू झाले. तेव्हा दिव्यांगांनाही 1500 च मिळत होते. 1500 वर 25 टक्के म्हणजे 1875. हा हिशेब मी वकील म्हणून मांडत नाही, साधा गुणाकार आहे. 

मात्र दिव्यांग मंडळींशी बोललात तर त्यांची आजची काळजी फक्त रकमेची नाही, हे लक्षात येईल. काळजी अशी आहे की नवा नियम येईल, नवं ॲप येईल, आणि आपलं नाव यादीतून गळेल. आजकाल ‘तुमची मदत बंद’ असं कुणी सांगत नाही. सांगतात, ‘पडताळणी करून घ्या’.

एक उदाहरण देतो. 2024 मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग हक्क नियमांत बदल करायचा मसुदा काढला आणि ऑक्टोबरमध्ये नियम बदलले. पूर्वी अपंगत्वाचं प्रमाणपत्र अर्ज केल्यापासून एका महिन्यात द्यावं असं होतं. आता तीन महिने झाले. शिवाय अर्जावर दोन वर्षं निर्णयच झाला नाही तर तो अर्ज निष्क्रिय होतो. माणसाने पुन्हा अर्ज करायचा किंवा जुना जिवंत करून घ्यायला जायचं. म्हणजे उशीर दवाखान्याचा आणि फेरी ज्याला चालता येत नाही त्याची! त्याच वर्षी एका प्रशिक्षणार्थी अधिकारी महिलेच्या अपंगत्वाच्या दाखल्यावरून देशभर गाजावाजा झाला. मग प्रत्येक दाखल्याकडे संशयाने बघणं सुरू झालं. खोटे दाखले शोधलेच पाहिजेत, त्यात वाद नाही. पण 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात दिव्यांगांची संख्या 29 लाख 63 हजारांच्या आसपास होती. काही लबाडांना पकडायचं म्हणून एवढ्या लोकांना पुन्हा पुन्हा रांगेत उभं करायचं का, हा प्रश्न आहे.

आता माझा कबुलीजबाब. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. काही वर्षांपूर्वी एका कामात असाच चेहरा पडताळणीचा पडदा मी स्वतः लिहिला आहे. मामूंपुढे आला तो मी लिहिलेला नव्हता, पण माझाही तसाच होता. आम्ही आठ जणांनी तो तपासला. आठही जण डोळस, आठही जण पंचविशी-तिशीतले, सगळ्यांकडे चांगले फोन. मीटिंगमध्ये एका मुलीने विचारलं होतं, “ज्याला दिसत नाही तो काय करेल?” मी म्हणालो, “असे किती असतील? पुढच्या आवृत्तीत बघू.” ती पुढची आवृत्ती कधी आली नाही. मामूंचा फोन आला तेव्हा मला माझं ते वाक्य आठवलं. अशा प्रकरणांना आम्ही एज केस म्हणतो, म्हणजे कडेला पडणारं प्रकरण. माझे मामू माझ्याच धंद्याच्या भाषेत कडेला पडले होते.

आमच्या धंद्यातली अजून एक गोष्ट सांगतो. कोणतीही पडताळणी दोन प्रकारे चुकते. एक, हक्क नसलेल्याला आत घेते. दोन, हक्क असलेल्याला बाहेर ठेवते. पहिली चूक पेपरात येते, ‘बोगस लाभार्थी’ म्हणून मथळा होतो. दुसरी चूक कुठेच दिसत नाही. मामू सहा वेळा प्रयत्न करून उठले, त्याची यंत्रणेत नोंद काय? ‘प्रक्रिया अपूर्ण.’ त्यांना नाकारलं असं कुठेही लिहिलेलं नाही. मग अहवालात येतं की इतक्या लाख लोकांनी पडताळणी केली, उरलेले आलेच नाहीत. आणि जे आले नाहीत ते बहुतेक खोटे असावेत, असा अर्थ सहज काढला जातो.

यात आपल्या मोहल्ल्याची एक खास अडचण आहे. आपली नावं. आधार कार्डावर शेख आधी, अपंगत्वाच्या दाखल्यावर शेख शेवटी, बँकेच्या पासबुकात शेख गायब. इंग्रजीत तर शेख तीन-चार तऱ्हांनी लिहितात. बायकांच्या नावापुढे कुठे बी, कुठे बानो, कुठे बेगम. माणसाला कळतं की ही एकच खाला आहे. कॉम्प्युटर अक्षराला अक्षर जुळवतो, त्याच्यासाठी त्या तीन बाया होतात. ज्याच्या हाताला काम करून करून ठसे राहिले नाहीत, ज्याला दिसत नाही आणि ज्याचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांचं आहे, अशा माणसाला एकाच खिडकीवर तीनदा अडवलं जातं.

मग यावर इलाज आहे का? आहे. 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात निकाल दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया आणि एक दृष्टिहीन व्यक्ती न्यायालयात गेली होती. म्हणणं साधं होतं: बँकेच्या केवायसीसाठी डोळे मिचकवा म्हणतात, आम्ही ते कसं करायचं? न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे घटनेच्या कलम 21 चा भाग आहे. डोळे मिचकावण्याशिवाय दुसरे मार्ग ठेवा, कागदावरची केवायसी चालू ठेवा, मदतीला माणूस द्या, असे एकूण 20 निर्देश दिले. हा निकाल केवायसीबद्दलचा आहे. पण त्यातलं तत्त्व हयातीच्या दाखल्यालाही लागू व्हायला हवं, हे तहसीलदारांना लेखी विचारायला काहीच हरकत नाही.

आणि बोलायचं कधी, यासाठी एक परदेशातलं उदाहरण. मार्च 2025 मध्ये ब्रिटनच्या सरकारने दिव्यांग भत्त्याचे निकष कडक करायचा प्रस्ताव आणला. तिथे रोजच्या कामांत किती अडचण येते त्यावर गुण देतात. प्रस्ताव असा होता की गुणांची बेरीज पुरेशी असली तरी कोणत्या तरी एका कामात किमान 4 गुण हवेत. ज्याला आंघोळीला थोडी मदत लागते, कपडे घालायला थोडी, स्वयंपाकाला थोडी, त्याला सगळीकडे दोन-दोन गुण मिळतात. त्याची अडचण बेरजेत मोठी असूनही तो बाहेर पडणार होता. दिव्यांग लोक बोलले, खासदारांना भेटले, सत्ताधारी पक्षातलेच खासदार उलटले. 1 जुलैला मतदानाच्या दिवशी सरकारने ती अट मागे घेतली आणि दिव्यांगांना सोबत घेऊन फेरविचार करू असं जाहीर केलं. सगळंच टळलं नाही, नव्या अर्जदारांचा दुसरा एक भत्ता कमी झालाच. पण जे टळलं ते प्रस्ताव असतानाच बोलल्यामुळे.

आपल्याकडेही ही सोय कायद्यात आहे. दिव्यांग हक्क कायद्याखाली केंद्राला नियम करायचे किंवा बदलायचे तर आधी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. तो मसुदा राजपत्रात येतो, इंग्रजी-हिंदीत. माझे मामू तो वाचणार नाहीत. तुम्ही वाचू शकता.

म्हणून तुमच्याकडे तीन मागण्या करतो. पहिली, आपल्या मोहल्ल्यात किती दिव्यांग आहेत याची यादी करा. कुणाकडे वैश्विक ओळखपत्र आहे, कुणाकडे नाही, कुणाच्या तीन कागदांवर तीन नावं आहेत. नावं आत्ताच दुरुस्त करून घ्या, छाननी आल्यावर नाही. दुसरी, कुणाची पडताळणी झाली नाही तर तसंच घरी येऊ देऊ नका. तारीख, वेळ, मोबाइलवर काय लिहून आलं, ते कागदावर लिहा, तहसील कार्यालयात द्या आणि पोच घ्या. त्या पोचेशिवाय तुमचे मामू ‘आलेच नाहीत’ असं धरलं जाईल. तिसरी, तुमच्यातले जे माझ्या धंद्यात आहेत त्यांनी कोणताही पडदा लिहिताना ज्याला दिसत नाही त्याला तो तपासायला द्या. माझ्यासारखं ‘पुढच्या आवृत्तीत बघू’ म्हणू नका.

काही जण म्हणतात, आपल्याकडे जकात आहे, मोहल्ला सांभाळून घेतो. सांभाळतो, मला माहीत आहे. ते दोन महिने शेजाऱ्यांनीच मामूंच्या घरी पीठ पोहोचवलं. पण मामूंनी ते घेताना मान खाली घातली होती. पेन्शन घेताना ते मान खाली घालत नाहीत. शेजाऱ्याचं प्रेम वेगळं आणि नागरिक म्हणून हक्क वेगळा. पहिलं आहे म्हणून दुसरा सोडायचा नसतो.

मामूंचं पुढे काय झालं? मी एक दिवस रजा टाकली, त्यांना घेऊन कार्यालयात गेलो, लेखी अर्ज दिला. तिथल्या कारकुनाने मामूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि कागद ठेवून घेतला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, “असे बरेच येतात हो, पण लिहून कुणी देत नाही.” पुढच्या महिन्यात पैसे सुरू झाले.

बाहेर पडलो तेव्हा पायरीवर एक म्हातारी बसली होती. एक हात लुळा, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. मामूंनी आमचं बोलणं चालू असताना तिचा आवाज ऐकला होता. ते मला म्हणाले, “तू आया, मेरा काम हो गया. इनका भांजा कहाँ है?”

त्या दिवशी मला परतीची गाडी पकडायची होती. मी थांबलो नाही. आज तुमच्यासमोर उभा राहून हे बोलतोय, त्याचं कारण तेच आहे.