एकदा बोलली म्हणजे कायमची बोलली?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या दोन दिवसांच्या शिबिरात 'स्त्रिया आणि प्रसारमाध्यमं' या सत्रात केलेलं भाषण.)



काल रात्री जेवताना माझा विषय ऐकून एक ताई हसल्या. म्हणाल्या, "अगं, आपल्या बायकांना रेशनकार्ड मिळता मिळत नाही, आणि तू इंग्लंडच्या राजघराण्याचं काय सांगणार?" प्रश्न रास्त आहे. जन्मावरून कुणी मोठं ठरतं हे आपण इथं जातीच्या बाबतीत नाकारतो, तसं ते तिथंही नाकारायला हवं. त्या घराण्याच्या ऐश्वर्याचं मला काही कौतुक नाही. तरीही मी डायनाबद्दल बोलणार आहे. बाई एकदा स्वतःहून बोलली की तेच बोलणं पुढं तिच्याविरुद्ध कसं वापरलं जातं, हे तिच्या आयुष्यात स्वच्छ दिसतं.

सुरुवात 1980 सालापासून करू. डायना स्पेन्सर तेव्हा 19 वर्षांची होती आणि लंडनमधल्या एका बालवाडीत काम करत होती. राजपुत्र चार्ल्सशी तिचं नाव जोडलं गेलं आणि छायाचित्रकार बालवाडीच्या दारात जमा झाले. एक फोटो देऊन टाकला की जातील, असं तिला वाटलं असावं. एक मूल कडेवर आणि एकाचा हात धरून ती उभी राहिली. मागून ऊन होतं. पातळ झग्यातून पाय दिसले आणि तोच फोटो सगळीकडे छापून आला. तिनं होकार दिला होता मुलांसोबतच्या फोटोला. घेणाऱ्यांनी घेतलं भलतंच. पुढं तर तिच्या सख्ख्या मामानं वर्तमानपत्रांना सांगितलं, की तिचे आजवर कुणाशी संबंध आलेले नाहीत! कौमार्याचा दाखला असा जाहीरपणे छापला गेला. चार्ल्स तिच्याहून 12 वर्षांनी मोठा. त्याच्यासाठी असा दाखला कुणी मागितला नाही. 29 जुलै 1981 ला लग्न झालं.

लग्न मोडत चाललं होतं तेव्हा राजवाड्यात तिचं ऐकणारं कुणी नव्हतं. मग 1991 मध्ये तिनं आपली कहाणी गुपचूप टेपवर बोलून एका मित्रामार्फत अँड्र्यू मॉर्टन या पत्रकाराकडे पोचवली. जून 1992 मध्ये पुस्तक आलं. त्यात तिचा एकाकीपणा, खाण्याचा आजार, स्वतःला इजा करून घेणं, सगळं होतं. आपला यात हात नाही असं तिनं तेव्हा सांगितलं. हे खोटं होतं, ते मी झाकणार नाही. पण घरात कुणी दाद देत नाही तेव्हा बाई शेजारणीकडे जाते, आपल्या केंद्रावर येते. डायनाला शेजारीण नव्हती, वर्तमानपत्रं होती.

ब्रिटनमध्ये तेव्हा वर्तमानपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं एक मंडळ होतं. लॉर्ड मॅकग्रेगर त्याचे अध्यक्ष. पुस्तकाच्या वेळी त्यांनी प्रथम वर्तमानपत्रांनाच कडक शब्दांत झापलं. नंतर त्यांना कळलं, की माहिती खुद्द राजकन्येकडूनच बाहेर जात होती. तेव्हा त्यांचा सूर बदलला. चार्ल्स आणि डायना दोघांचीही माणसं वर्तमानपत्रांना हाताशी धरतात, असं त्यांनी लिहिलं. त्यात तथ्यही होतं. पण पुढं ते असंही म्हणाले, की राजकन्या आपल्या खाजगीपणावर स्वतःच आक्रमण करत होती. पोलिस चौकीत, जातपंचायतीत, कोर्टात आपण जे ऐकतो तेच हे. "टाळी एका हातानं वाजत नाही." "ती स्वतःच गेली होती ना त्याच्याबरोबर?" एकदा हो म्हटलं म्हणजे कायमचं हो!

त्यानंतर जणू रान मोकळं झालं. नोव्हेंबर 1993 मध्ये मिरर गटाच्या दोन वर्तमानपत्रांनी तिचे व्यायामशाळेतले फोटो छापले. व्यायामशाळेच्या मालकानंच छतात कॅमेरा लपवला होता. डायना कोर्टात गेली, पण 1995 मध्ये बाहेरच तडजोड झाली. एरवी कॅमेऱ्यापुढं हसते, मग आता तक्रार कसली, हा सूर याही वेळी लागलाच. नोव्हेंबर 1995 मध्ये तिची बीबीसीवर मुलाखत झाली. दोन कोटींहून अधिक लोकांनी ती पाहिली आणि डायनानं दूरदर्शनचा धूर्तपणे वापर केला असा बोभाटा झाला. लॉर्ड डायसन यांचा चौकशी अहवाल आला तो 2021 मध्ये, तिच्या मृत्यूनंतर 24 वर्षांनी. त्यातून समोर आलं, की मुलाखतकारानं तिच्या भावाला बँकेची बनावट कागदपत्रं दाखवली आणि त्या वाटेनं तो तिच्यापर्यंत पोचला. बीबीसी काही सनसनाटी छापणारं टॅब्लॉईड नव्हे. म्हणजे प्रतिष्ठित माध्यमंही यातून सुटत नाहीत. फसवून मिळवलेल्या होकाराला आपण संमती म्हणू का?

31 ऑगस्ट 1997 ला पॅरिसमध्ये अपघातात ती गेली. मोटारसायकलींवरून छायाचित्रकार मागे लागले होते. त्यांनीच तिला मारलं, असं सरसकट म्हणणं मात्र बरोबर नाही. 2008 मध्ये ज्यूरीनं तिच्या गाडीचा चालक आणि पाठलाग करणाऱ्या गाड्यांचे चालक या दोघांच्याही बेदरकारपणाला जबाबदार धरलं. चालक दारू प्यायलेला होता आणि तिनं पट्टा लावला नव्हता. मी तेव्हा चौथीत होते. आईनं मासिकातला तिचा फोटो कापून कपाटात ठेवला होता. आज वाटतं, ते फोटो विकत घेणाऱ्या शेवटच्या टोकाला आमचं घरही होतं.

तिच्यानंतर हे थांबलं नाही. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'ची माणसं राजघराण्यातल्यांचे आणि त्यांच्या नोकरवर्गाचे टेलिफोन निरोप चोरून ऐकत होती. 2007 मध्ये एक बातमीदार आणि एक खाजगी गुप्तहेर तुरुंगात गेले. फार कुणाला धक्का बसला नाही. राजवाड्यातली भानगड, म्हणून सोडून दिली. मग 2011 मध्ये उघड झालं, की बेपत्ता झालेल्या आणि पुढं खून झाल्याचं कळलेल्या 13 वर्षांच्या एका शाळकरी मुलीच्या फोनवरचे निरोपही असेच ऐकले होते. तेव्हा देश हादरला आणि 168 वर्षांचं ते वर्तमानपत्र बंद पडलं. राजकन्येच्या बाबतीत चालवून घेतलेली गोष्ट शेवटी कष्टकऱ्यांच्या लेकींपर्यंत पोचते, ती अशी.

आणखी एक प्रसंग सांगते. डिसेंबर 2012 मध्ये विल्यमची गरोदर बायको केट लंडनच्या रुग्णालयात होती. ऑस्ट्रेलियातल्या एका रेडिओवाल्यांनी गंमत म्हणून राणीचा आवाज काढून तिथं फोन केला. तो जोडून देणारी परिचारिका मूळची कर्नाटकच्या किनाऱ्यावरची, दोन मुलांची आई. जगभर हसू झालं. तीन दिवसांनी तिनं आत्महत्या केली. राजवाड्याची बातमी हवी होती, किंमत मोजली पोटासाठी परदेशी गेलेल्या एका बाईनं.

जानेवारी 2025 मध्ये 'सन'च्या मालक कंपनीनं धाकटा मुलगा हॅरी याची माफी मागितली आणि त्याच्या आईच्या खाजगी आयुष्यात केलेल्या घुसखोरीबद्दलही मागितली. डायनाला ती ऐकायला मिळाली नाही.

आता आपल्याकडे वळते. तक्रार नोंदवून घेत नव्हते म्हणून आमच्या केंद्रात येणारी एक बाई स्वतः एका स्थानिक वर्तमानपत्राकडे गेली. बातमी आली, दोन दिवसांत तक्रार नोंदली गेली. आम्हाला आनंद झाला. वर्षभरानं ती दुसरं लग्न करतेय म्हटल्यावर त्याच वर्तमानपत्रानं शेजाऱ्यांच्या कुजबुजीला मीठमिरची लावून छापलं, फोटोसकट. आम्ही जाब विचारला तर उत्तर आलं, "बाईच आल्या होत्या की आमच्याकडे!"

आम्ही खूप चिडलो. पण मग त्या बाईनं आमच्याच वार्षिक अहवालाचं पान समोर ठेवलं. नाव बदलून तिची कहाणी आम्हीही छापली होती. गाव तेच, नवऱ्याचा धंदा तोच. गावातल्या कुणालाही ओळखू यावं असं. ती म्हणाली, "ताई, तुम्ही तरी कुठं विचारलंत?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. केंद्रात ती आपणहून बोलली होती. तेवढं आम्ही पुरेसं मानलं होतं.

बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख छापायला आपल्याकडे 1983 पासून कायद्यानं बंदी आहे. तो स्त्रियांच्या चळवळीच्या रेट्यानं आला. पण नाव झाकलं म्हणजे काम झालं, असं आपणही समजून बसलो.

म्हणून दुपारच्या गटचर्चेसाठी माझ्या तीन सूचना आहेत. एक, बाईची संमती दर वेळी नव्यानं घ्यायची: केसपेपरसाठी वेगळी, अहवालासाठी वेगळी, पत्रकारासाठी वेगळी. दोन, छापण्याआधी मजकूर तिला वाचून दाखवायचा आणि "हे नको" म्हणाली तर काढायचा. तीन, काल बोललेली बाई आज गप्प राहू इच्छिते, तर तिच्या गप्प राहण्याच्या बाजूनंही आपण उभं राहायचं. यामुळं आपले अहवाल थोडे फिके होतील, देणगीदार कुरकुरतील. ते सोसायची तयारी आहे का, हे आपण आपसांत ठरवू या.

ती बाई अजून आमच्या केंद्रात येते. यंदाच्या अहवालात तिची कहाणी नाही. तिनं नको म्हटलं.